तिघांपैकी दोघे चुकले तर?

२८ नोव्हेंबर २०२५ हा शुक्रवार होता. त्या दिवशी एअरबस कंपनीने जगभरातल्या विमान कंपन्यांना एक सूचना पाठवली आणि शनिवार-रविवारी प्रवासाला निघालेल्या लाखो लोकांच्या पोटात गोळा आला. ए-३२० कुटुंबातल्या सुमारे सहा हजार विमानांमधल्या एका संगणकाची दुरुस्ती केल्याशिवाय ती पुन्हा उडवू नयेत, असा त्या सूचनेचा अर्थ होता. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने तातडीचा आदेश काढला. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही पावले उचलली. भारतात अशी ३३८ विमाने निघाली. त्यांत इंडिगोची २००, एअर इंडियाची ११३ आणि एअर इंडिया एक्स्प्रेसची २५. काही उड्डाणांना उशीर झाला, पण दोन-तीन दिवसांत काम जवळपास उरकले आणि विषय बातम्यांतून गेला.

यामागची घटना महिनाभर आधीची. ३० ऑक्टोबरला मेक्सिकोतल्या कॅनकूनहून अमेरिकेतल्या नेवार्ककडे निघालेल्या जेटब्लूच्या ए-३२० विमानाचे नाक, वैमानिकांनी काहीही केलेले नसताना, अचानक खाली गेले. विमान सावरले, पण काही प्रवासी जखमी झाले आणि ते फ्लोरिडातल्या टॅम्पा येथे उतरवावे लागले. या घटनेच्या विश्लेषणानंतर एअरबसने सांगितले की तीव्र सौर किरणोत्सारामुळे उड्डाण-नियंत्रणासाठी लागणारी माहिती बिघडू शकते. झाले! ‘सूर्याने विमाने जमिनीवर आणली’ अशा धर्तीचे मथळे सगळीकडे झळकले.

किरणोत्साराचे म्हणणे चुकीचे नाही. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक गोष्ट शून्य किंवा एक या रूपात साठवलेली असते. सूर्याकडून किंवा त्याहून कितीतरी दूरच्या अवकाशातून आलेले वेगवान कण वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि असा एखादा न्यूट्रॉन चिपमधून गेला तर शून्याचा एक किंवा एकाचे शून्य होऊ शकते. चिप जळत नाही, तुटत नाही. फक्त एक आकडा बदलतो. प्रवासी विमाने उडतात त्या उंचीवर अशा कणांचा मारा जमिनीपेक्षा शेकडो पट जास्त असतो. जेटब्लूच्या बाबतीत तो कण सूर्याचाच होता का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण हे सगळे विमान अभियंत्यांना काही दशकांपासून ठाऊक आहे. बिघडलेला आकडा ओळखून तो दुरुस्त करायच्या युक्त्या चिपमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये घातलेल्या असतात. मग या वेळी तो पकडला का गेला नाही, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर आकाशात शोधायची गरज नाही. दुरुस्ती कशी केली ते पाहिले की पुरे: बहुतेक विमानांत सॉफ्टवेअरची ‘एल-१०४’ ही नवी आवृत्ती काढून तिच्या आधीची आवृत्ती परत बसवली. दोन-तीन तासांचे काम. काही जुन्या विमानांत मात्र संगणकच बदलावे लागणार होते.

वैमानिकाचा हात आणि पंख यांच्यामध्ये आता काय काय असते हे पाहिल्याशिवाय या बातमीचा अर्थ लागत नाही. पूर्वी तिथे पोलादी तारा आणि कप्प्या असत. वैमानिकाने दांडा ओढला की तार ताणली जायची आणि शेपटीवरची झडप हलायची. विमाने मोठी झाली तशी ही झडप हलवायला माणसाचे बळ अपुरे पडू लागले, म्हणून दाबाखालच्या तेलावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा आली. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० ने पुढची पायरी गाठली. तिच्यात वैमानिकाच्या हाताशी एक छोटी दांडी असते. तो ती ओढतो तेव्हा शेपटीवरची झडप अमुक अंशांनी हलव असे सांगत नसतो. विमानाचे नाक इतक्या जोराने वर यावे असे मागत असतो. ती मागणी विजेच्या तारेतून संगणकाकडे जाते. विमानाचा वेग किती, हवा पंखावर कोणत्या कोनातून येते आहे, विमान किती कलले आहे हे पाहून संगणक ठरवतो की कोणती झडप किती हलवायची. मागणी धोक्याची असेल तर तो ती पूर्ण मान्य करत नाही. दांडी पूर्ण कडेला रेटून धरली तरी विमान ६७ अंशांपलीकडे कलत नाही.

ही कल्पना भारतीयांच्या पचनी सहज पडली नव्हती. इंडियन एअरलाइन्सने नव्यानेच घेतलेले ए-३२० विमान १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला उतरताना कोसळले आणि ९२ जण मरण पावले. त्यानंतर या जातीची सगळी विमाने काही महिने जमिनीवर उभी होती. माणसांचे जीव संगणकाच्या हाती द्यावेत का, असा वाद तेव्हा रंगला. चौकशीत नियंत्रण-संगणक बिघडल्याचे निघाले नाही. उतरताना इंजिने किमान जोरावर राहिली होती आणि घटत्या वेगाकडे वेळेत लक्ष गेले नव्हते.

संगणक बिघडतात, हे गृहीत धरूनच ही यंत्रणा रचलेली आहे. ए-३२० मध्ये उड्डाण-नियंत्रणाचे सात संगणक असतात. त्यांतले दोन मुख्यतः शेपटीवरच्या आणि पंखांच्या टोकाकडच्या झडपा हलवतात, तीन पंखांच्या पाठीवरच्या फळ्या सांभाळतात आणि गरज पडल्यास शेपटीचेही काम करतात, उरलेले दोन रडर म्हणजे सुकाणू पाहतात. पहिल्या दोघांमध्ये मोटोरोलाची चिप, पुढच्या तिघांमध्ये इंटेलची. सॉफ्टवेअर लिहिणारे गट वेगळे. एवढेच नाही, प्रत्येक संगणकाच्या आत दोन भाग असतात; एक आज्ञा देतो, दुसरा तेच गणित स्वतंत्रपणे करून पहिल्यावर पहारा ठेवतो. दोघांचे उत्तर जुळले नाही तर तो संगणक गप्प बसतो आणि काम पुढच्याकडे जाते. तेलाच्या तीन वेगळ्या यंत्रणा आहेत, त्यांना हिरवी, निळी आणि पिवळी अशी नावे आहेत. सारी वीज गेली तर पोटाखालून एक छोटे पवनचक्र बाहेर पडते आणि निळीला दाब पुरवते. पुढची बोइंग ७७७ याच वाटेने गेली. तिच्यात तीन मुख्य संगणक आणि प्रत्येकात वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपवर चालणाऱ्या तीन शाखा आहेत.

एवढा खटाटोप का, याचे गणित सोपे आहे. प्राणघातक ठरेल असा बिघाड उड्डाणाच्या शंभर कोटी तासांत एकदाच्या आसपासही होऊ नये, अशी प्रमाणपत्र देताना अपेक्षा असते. समजा, सहा हजार विमाने रोज दहा तास उडतात. म्हणजे वर्षाला सुमारे दोन कोटी एकोणीस लाख तास. शंभर कोटी तास भरायला पंचेचाळीस वर्षे लागतील. एवढा भरवशाचा एकच संगणक कोणीही बनवू शकत नाही. पण दहा हजार तासांत एकदा बिघडणारे दोन संगणक लावले, तर ते एकाच तासात दोन्ही बिघडण्याची शक्यता दहा कोटींत एक होते. तीन लावले तर लाख कोटींत एक! गुणाकाराची ही जादू एका अटीवर चालते. एकाचा बिघाड आणि दुसऱ्याचा बिघाड यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसला पाहिजे.

गेल्या चार दशकांतले या क्षेत्रातले गाजलेले अपघात पाहिले तर बहुतेक ठिकाणी हीच अट मोडलेली दिसते.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले. विमानात तेलाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. कागदावर स्वतंत्र. तिन्हींच्या नळ्या शेपटीजवळ एकाच भागातून जात होत्या आणि उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही फाडल्या. एकही झडप हलेना. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत वैमानिकांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले, हे आजही या व्यवसायात आदराने सांगितले जाते.

दुसरे उदाहरण त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे, पण मला ते सगळ्यांत बोलके वाटते. २७ नोव्हेंबर २००८, फ्रान्समधले पर्पिन्याँ. एक ए-३२० विमान भाड्याच्या मुदतीनंतर मूळ मालकाकडे परत जाणार होते, त्याआधी चाचणी उड्डाण होते. विमानाला नुकताच नवा रंग दिला होता आणि रंगापूर्वी ते पाण्याच्या झोताने धुतले होते. ठरलेली पद्धत बाजूला ठेवून. हवा पंखावर कोणत्या कोनातून येते हे मोजणारे तीन संवेदक नाकाच्या आजूबाजूला असतात, त्यांतल्या दोघांत पाणी शिरले. विमान उंच गेले, पाणी गोठले आणि दोन्ही संवेदक एकाच आकड्यावर अडकले. तिसरा बरोबर माप देत होता. संगणकाने काय करावे? त्याला शिकवलेले होते तेच त्याने केले. तिघांचे मत घेतले, दोघांचे जुळले, वेगळे बोलणाऱ्या तिसऱ्याला बाद ठरवले. खरे बोलणारा एकटा पडला.

त्यानंतर वैमानिकांनी कमी उंचीवर वेग मुद्दाम घटवून एक चाचणी घेतली. वेग धोक्याच्या पातळीखाली गेला की विमान स्वतःच नाक खाली घेऊन सावरते की नाही, हे त्यांना पाहायचे होते. संवेदक गोठल्यामुळे धोका जवळ आल्याचे संगणकाला कळलेच नाही. विमानातल्या सातही जणांचा मृत्यू झाला. इथे संगणक ठाकठीक होते, सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालले होते. बहुमताच्या पद्धतीत दोन मते एकाच पाण्याच्या नळीतून आली होती, एवढेच.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला सिंगापूरहून पर्थला चाललेल्या क्वांटासच्या ए-३३० विमानाचे नाक दोनदा झटक्यात खाली गेले. ११९ जण जखमी झाले. पट्टा न बांधता बसलेल्यांना जास्त इजा झाल्या, तेवढी गोष्ट प्रवाशांनी लक्षात ठेवण्यासारखी. तिथे हवेची माहिती पुरवणाऱ्या तीनपैकी एकाच उपकरणाने उंचीचा आकडा चुकून कोनाच्या नावाखाली पाठवला. मधूनमधून, क्षणभर. हे क्षणिक उसळे गाळण्याची सोय नियंत्रण-संगणकात होती. वेडावाकडा आकडा आला की आधीचा चांगला आकडा १.२ सेकंद धरून ठेवायचा. पण दुसरा उसळा नेमका १.२ सेकंदांनी आला आणि तो खरा मानला गेला. नाक फार वर गेले आहे असे समजून संगणकाने ते खाली ढकलले. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेने तीन वर्षे खपून हे शोधले. त्या उपकरणाला अवकाशातून आलेल्या कणाने बिघडवले का, हाही मुद्दा त्यांनी तपासला, पण तसे म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. सॉफ्टवेअर सुधारण्यात आले, आणि ते करायला कण कुठून आला हे कळण्याची गरज पडली नाही. जेटब्लूच्या बाबतीतही मला हेच महत्त्वाचे वाटते.

बोइंग ७३७ मॅक्सबद्दल मराठी वृत्तपत्रांत पुष्कळ लिहून झाले आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. नाक आपोआप खाली ढकलणारी यंत्रणा एका वेळी एकाच संवेदकाचे ऐकत होती. दुसरा संवेदक विमानावर होता, त्याला विचारलेच जात नव्हते. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे विमान पडले, १८९ जण गेले. त्याचा कॅप्टन दिल्लीचा होता. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे पडले, १५७ गेले. वर सांगितलेले सारे शहाणपण तोपर्यंत तीस वर्षे जुने झालेले होते. म्हणूनच ती चूक अज्ञानातून झाली असे म्हणता येत नाही.

आता पुन्हा नोव्हेंबरकडे. सात संगणक, दोन जातींच्या चिप, वेगळे गट, आज्ञा देणारा आणि पहारा ठेवणारा. ही विविधता प्रत्येक विमानाच्या आत आहे. पण विमानांच्या ताफ्याकडे पाहिले तर चित्र उलटे दिसते. जगातल्या सहा हजार विमानांतला तो एक संगणक एकाच प्रकारचा आणि त्याचे सॉफ्टवेअर एकाच घरातले. एका विमानात निघालेला दोष सगळ्यांत असणार, हे त्यातून ओघानेच येते. म्हणून एका विमानातल्या काही क्षणांच्या घटनेवरून सहा हजार विमाने थांबवणे हा अतिरेक नव्हता. माझ्या मते ही यंत्रणा नीट चालल्याची खूण होती. मॅक्सच्या वेळी पहिला अपघात झाल्यावरही विमाने उडत राहिली, त्याच्याशी ताडून पाहा.

भारताने मात्र या बातमीकडे आणखी एका नजरेने पाहायला हवे. आपल्या देशांतर्गत प्रवासाचा फार मोठा भाग एकाच कंपनीवर आहे आणि त्या कंपनीचा ताफा बहुतांश याच एका कुटुंबातल्या विमानांचा आहे. एकाच जातीची विमाने ठेवणे स्वस्त पडते. सुटे भाग, तंत्रज्ञ, वैमानिक सगळे एकसारखे. पण या वेळी दुरुस्ती दोन-तीन तासांची होती म्हणून सगळे निभावले. प्रत्येक विमानाचे भाग बदलावे लागले असते आणि ते भाग महिनोन्‌महिने मिळाले नसते तर? त्यानंतर आठवड्याभरातच इंडिगोची शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि लोक विमानतळांवर अडकून पडले. त्याचे कारण वेगळे होते, वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांचे नवे नियम आणि त्यांची अपुरी तयारी. पण देशाने सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यावर काय होते याची रंगीत तालीम त्या निमित्ताने झाली. विमानाच्या आत दोन स्वतंत्र पर्याय असलेच पाहिजेत असा आग्रह धरणारे नियामक बाजारपेठेच्या बाबतीत गप्प का असतात, हे विचारले पाहिजे.

उरतो तो वैमानिक. संगणकांना आपल्याकडच्या माहितीचा भरवसा वाटेनासा झाला की ते टप्प्याटप्प्याने अधिकार सोडतात. आधी धोक्यापासून वाचवणारे काही अडसर निघतात, मग दांडी आणि झडप यांचा जवळजवळ थेट संबंध उरतो. कल्पना चांगली आहे, पण हे हस्तांतर नेहमी सगळ्यांत वाईट क्षणी होते. १ जून २००९ च्या रात्री अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या. बर्फ मिनिटभरात निघाला. तेवढ्यात स्वयंचलित वैमानिक सुटला होता, अडसर निघाले होते आणि दांडी धरलेला वैमानिक ती ओढत राहिला होता. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात पडले आणि २२८ जण गेले. अडसर नसलेले विमान उंचीवर हाताने उडवण्याचा सराव त्यांना नव्हता. आपल्या कंपन्यांमध्ये शेकडो नवे वैमानिक भरती होत आहेत. सिम्युलेटरमधल्या त्यांच्या मोजक्या तासांपैकी किती तास अशा अर्धवट बिघाडांना दिले जातात, हा आकडा महासंचालनालयाने विमानांच्या आकड्यांसारखाच जाहीर करावा.

पर्पिन्याँसारखाच बिघाड सहा वर्षांनी पुन्हा झाला. ५ नोव्हेंबर २०१४ रोजी बिल्बाओहून म्युनिकला निघालेले लुफ्तान्साचे ए-३२१ विमान ३१,००० फुटांच्या आसपास असताना दोन संवेदक गोठले, तिसरा पुन्हा बाद ठरला आणि संगणकाने नाक खाली घातले. विमान मिनिटाला ४,००० फूट या वेगाने उतरू लागले. वैमानिकांनी दांडी मागे ओढून धरली आणि २७,००० फुटांवर ते थोपवले. दांडी सोडली की नाक परत खाली. जमिनीवरच्या तंत्रज्ञांशी बोलून त्यांनी हवेची माहिती पुरवणाऱ्या तीन उपकरणांपैकी एक चक्क बंद केले. मतमोजणी मोडली, संगणकाने अडसर काढून घेतले आणि विमान हातात आले. ते म्युनिकला सुखरूप उतरले. पुढच्याच महिन्यात युरोपच्या सुरक्षा संस्थेने आदेश काढला आणि या कुटुंबातल्या विमानांच्या वैमानिक-पुस्तिकेत एक नवी कृती आली: दांडी मागे ओढूनही नाक खाली जातच राहिले, तर तिघांपैकी दोन उपकरणे बंद करा.